दोन बोटे आखूड दोरी

मुंबई-पुणे लोहमार्गावर कामशेत नावाचे स्टेशन आहे. पावसाळा सरला आणि वारे स्थिर झाले की त्या परिसरातील डोंगरांवर, ऊन कलू लागण्याच्या सुमारास, रंगीबेरंगी कमानी तरंगताना दिसू लागतात. दुरून पाहणाऱ्याला त्या मोठ्या पतंगांसारख्या वाटतात. पण पतंगाच्या दोरीचे टोक जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात असते. येथे मात्र दोऱ्यांच्या टोकाला स्वतः माणूसच बसलेला असतो. हाच पॅराग्लायडर.

विद्यार्थी मित्रहो, या विमानाला इंजिन नाही, चाके नाहीत, लाकडाचा वा धातूचा सांगाडाही नाही. त्याचा पंख शिलाई यंत्रावर शिवलेला असतो आणि उड्डाण संपले की घडी घालून पाठीवरच्या पिशवीत भरता येतो. असे असूनही २०२१ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये एका वैमानिकाने अशाच पंखाच्या आधारे एका दिवसात ६०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले. मुंबईहून नागपूरकडे निघालेला माणूस तेवढ्यात अमरावतीच्या आसपास पोहोचला असता!

इतके अंतर तोडणारे पंख शिकाऊ वैमानिकांच्या पंखांपेक्षा फार वेगळे असतात. ते अधिक वेगाने आणि अधिक दूर जातात. पण निसर्गात काहीच फुकट मिळत नाही. या पंखांनी मिळवलेल्या प्रत्येक किलोमीटरची काही किंमत असते, आणि ती वैमानिकाच्या काळजीतून चुकती करावी लागते. ती कशी, हेच आपल्याला पाहायचे आहे.

कापड ताठ कसे राहते?

ओल्या धोतरासारखे लुळे पडणारे कापड आकाशात पंखासारखे ताठ का राहते, हा पहिला प्रश्न. या पंखाला वरचा आणि खालचा असे कापडाचे दोन थर असतात. त्यांच्या मध्ये उभे पडदे शिवून अनेक कप्पे केलेले असतात. पुढच्या कडेला या कप्प्यांना तोंडे असतात, मागची कड मात्र बंद असते. पंख पुढे सरकू लागला की समोरची हवा तोंडातून आत शिरते, तिला बाहेर जायला वाट नसते, आणि कप्पे फुगतात. अशा हवेने फुगणाऱ्या पंखाची कल्पना डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६४ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. त्यांचा उपयोग आधी हवाई छत्रीसाठी झाला. पुढे १९७८ च्या जूनमध्ये फ्रान्समधील मिय्युसी या आल्प्सच्या पायथ्याच्या गावी काही छत्रीधारकांनी विमानातून उडी मारण्याऐवजी डोंगरउतारावरून धावत जाऊन उड्डाण केले. पॅराग्लायडिंगचा खेळ वाढला तो तेथून.

आता आतल्या हवेचा दाब किती असतो, ते आपणच काढू. वाहत्या हवेला अडवले की जो जास्तीचा दाब निर्माण होतो तो असा काढतात: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम. पंखाचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर धरा. १.२ गुणिले १०० भागिले २, उत्तर आले ६० पास्कल. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर फक्त ६ मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब! बशीत ओतलेल्या चहाची खोली याहून जास्त असेल. सायकलच्या ट्यूबशी तर तुलनाच नको.

मग एवढ्याशा दाबावर माणूस कसा पेलला जातो? कारण पंखाचे क्षेत्रफळ मोठे असते. वैमानिक आणि सर्व सामान मिळून वजन १०० किलो आणि पंख २५ चौरस मीटरचा असेल, तर प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला फक्त ४ किलो येतात. हा सारा कारभार असा हलक्या हाताने चाललेला असतो. म्हणूनच त्यात थोडा जरी बिघाड झाला तरी त्याचा परिणाम लगेच दिसतो.

वेगवान पंखाची घडण

पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. त्यामुळे खालची हवा पंखाच्या टोकांना वळसा घालून वर जाऊ पाहते आणि तेथे भोवरे तयार होतात. हे भोवरे फिरवण्यात पंखाची ऊर्जा वाया जाते. पंख लांब आणि अरुंद केला तर हे नुकसान घटते. समुद्रावर दिवसेंदिवस तरंगणाऱ्या अल्बट्रॉस पक्ष्याचे पंख असेच लांब आणि निमुळते असतात. स्पर्धेचा पॅराग्लायडर पाहिलात तर तोही शिकाऊ पंखापेक्षा लांब, अरुंद आणि अधिक कप्प्यांचा दिसेल.

दुसरी गोष्ट दोऱ्यांची. शिकाऊ पंखाच्या सर्व दोऱ्या एकापुढे एक ठेवल्या तर त्यांची लांबी तीनशे मीटरच्या आसपास भरते. गोल दोरा हवेला आश्चर्य वाटावे इतका अडथळा करतो. म्हणून स्पर्धेच्या पंखात दोऱ्यांच्या तीन-चार आडव्या रांगांऐवजी दोनच रांगा ठेवतात. दोऱ्याही एक मिलिमीटरच्या आसपास, काही तर त्याहूनही बारीक. दोऱ्या कमी झाल्याने कापडाला आकार राहावा म्हणून आत प्लॅस्टिकच्या बारीक लवचीक काड्या घालतात.

याचे फळ असे: शिकाऊ पंख शांत हवेत एक मीटर खाली येताना आठ-नऊ मीटर पुढे जातो, तर स्पर्धेचा पंख अकरा मीटरच्याही पुढे जातो. साधा पंख ताशी ३६-३८ किलोमीटरने उडतो. स्पर्धेचा पंख पायाखालची पट्टी दाबून ताशी ६० किलोमीटरच्या वर नेता येतो.

अरुंद पाऊलवाट

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या कल्पनेकडे येऊ. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत एक रेषा कल्पनेने काढा. समोरून येणारी हवा या रेषेशी जो कोन करते, त्याला आघातकोन म्हणतात. हा कोन फार वाढला तर हवा पंखाच्या वरच्या पृष्ठाला धरून वाहायची सोडते, उचलणारी शक्ती एकाएकी कमी होते आणि पंख मागे पडतो. याला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. उलट, हा कोन फार कमी झाला तर हवा पुढच्या कडेवर वरून आदळते, तोंडांतून हवा शिरणे थांबते आणि पंखाचा काही भाग मिटतो. लाकडी किंवा धातूचा पंख असा मिटत नाही, कापडाचा मिटतो. या दोन संकटांच्या मधली जी काही अंशांची पाऊलवाट आहे, तिच्यावरूनच पॅराग्लायडरला चालावे लागते.

ही वाट किती अरुंद आहे पाहा. पंख सेकंदाला १० मीटर वेगाने चालला आहे आणि त्याला सेकंदाला १ मीटर वेगाने खाली येणारी हवा लागली. आलेखाच्या कागदावर १० सेंटिमीटरची आडवी आणि १ सेंटिमीटरची उभी रेषा काढून कोन मोजा. आघातकोन एका झटक्यात साडेपाच अंशांहून अधिक घटतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे स्तंभ वर चढत असतात आणि त्यांच्या कडेने हवा खाली येत असते. अशा वेळी ही घटना क्षणाक्षणाला घडते. म्हणून कुशल वैमानिक हातातील ब्रेकच्या दोऱ्यांवर सतत हलका ताण ठेवतो. बैलाच्या कासऱ्यावरून जसे शेतकऱ्याला बैलाचे मन कळते, तसे या दोऱ्यांवरून त्याला पंखाचे मन कळते. दोरी सैल पडू लागली की पंख मिटू पाहतो आहे, हे ओळखून तो ती किंचित ओढतो.

पायाखालची पट्टी दाबली की पंखाच्या पुढच्या भागाकडील पट्टे आखूड होतात, पंखाचे नाक खाली होते आणि वेग वाढतो. पण त्याच वेळी आघातकोन घटतो, म्हणजे वैमानिक पाऊलवाटेच्या एका काठावरून चालू लागतो. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३६ वरून ६० वर गेलात तर ऊर्जा दुप्पट नव्हे, पावणेतीनपटीहून अधिक होते. त्या वेगात पंख मिटला तर गडबडही तशीच मोठी. त्यात लांब, अरुंद पंखाचे टोक मिटून दोऱ्यांत अडकण्याचा धोका अधिक.

अशा वेळी पहिले काम दिशा सांभाळण्याचे. उघड्या बाजूकडे वजन टाकायचे, तिकडचा ब्रेक बेताने ओढायचा, आणि मग मिटलेला भाग उघडायचा. घाबरून दोन्ही ब्रेक खोल ओढले तर एका संकटातून सुटून दुसऱ्यात, म्हणजे स्टॉलमध्ये, पडायला होते. आणि जमीन जवळ येईपर्यंत काही जमले नाही, तर राखीव हवाई छत्री फेकायची. ती वेळ येण्यापूर्वीच तिच्या मुठीवर हात कसा जाईल, याचा सराव जमिनीवर झालेला असावा लागतो.

युरोपात ठरवलेल्या प्रमाणानुसार पंखांचे ए, बी, सी आणि डी असे वर्ग केले आहेत. कसोटी वैमानिक आकाशात मुद्दाम पंख मिटवतात आणि तो कसा सावरतो हे पाहतात. ए वर्गाचा पंख बहुधा आपला आपणच सावरतो. डी वर्गाचा पंख वैमानिकाने अचूक आणि वेळेवर काही तरी करावे, अशी अपेक्षा ठेवतो. वर्ग म्हणजे पंखाला मिळालेले गुण नव्हेत; पंख किती चुका पोटात घालतो, याचे ते माप आहे.

पिएड्राइटाचा धडा

२०११ च्या जुलै महिन्यात स्पेनमधील पिएड्राइटा या गावी पॅराग्लायडिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. जगातील निवडक वैमानिक तेथे जमले होते. अनेकांचे पंख त्या काळातील सर्वांत वेगवान, पण वर सांगितलेल्या प्रमाणपत्राच्या चौकटीबाहेरचे होते. स्पर्धा चालू असताना दोन वैमानिकांना प्राण गमवावे लागले आणि स्पर्धा मध्येच थांबवण्यात आली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने असे पंख आपल्या प्रमुख स्पर्धांतून बाहेर ठेवले आणि काही काळाने स्पर्धेच्या पंखांसाठी वेगळे नियम व वेगळ्या कसोट्या आखल्या.

प्राण गेले ते नवशिक्यांचे नव्हते. कौशल्य असूनही पाऊलवाट इतकी अरुंद करू नये की एका ठेचेला जागाच उरणार नाही, हा त्या घटनेचा धडा.

दोरी आखडते तेव्हा

ही पाऊलवाट हवेतल्या झोतांमुळे अरुंद होते, तशीच ती पिशवीत पडल्या पडल्याही अरुंद होऊ शकते. पंखाच्या दोऱ्या मुख्यतः दोन प्रकारच्या धाग्यांच्या असतात. एक डायनीमा, हे पॉलिएथिलीनच्या अतिशय लांब रेणूंपासून केलेले धागे. दुसरे अ‍ॅरामिड जातीचे. केव्हलार त्याच जातीचे. अ‍ॅरामिडची लांबी जवळजवळ बदलत नाही, पण वारंवार मुडपल्याने आणि उन्हाने ते कमकुवत होते. डायनीमा मुडपणे सोसते, पण ताण नसेल तर ते हळूहळू आखडते. उष्णतेने आणि ओलाव्याने लवकर आखडते.

आता गंमत पाहा. उड्डाणात वजनाचा मोठा भाग पुढच्या रांगांतील दोऱ्यांवर पडतो. त्या ताणलेल्या राहतात. मागच्या रांगेवर भार कमी, म्हणून ती आखडते. समजा, मागची रांग ३ सेंटिमीटरने, म्हणजे दोन बोटांनी, आखूड झाली, आणि पुढच्या व मागच्या रांगांत दीड मीटर अंतर आहे. तीन भागिले दीडशे म्हणजे ०.०२ रेडियन, म्हणजे सुमारे १.१ अंश. दोऱ्या सात मीटरच्या आणि फरक दोन बोटांचा! डोळ्याला तो दिसणार नाही. पण पंखाचे नाक तेवढे कायमचे वर झाले, आघातकोन वाढला, वेग घटला. पायाची पट्टी दाबून वैमानिक जाणूनबुजून जे करतो, तेच ही दोरी त्याच्या नकळत, उलट्या दिशेने करते.

अशा पंखाची पहिली तक्रार जमिनीवरच ऐकू येते. उड्डाणासाठी धावताना पंख पूर्वीसारखा झटकन डोक्यावर येत नाही, मागे रेंगाळतो. दुर्लक्ष केले, आणि पुढे कोन आणखी वाढला, तर एक फसवी अवस्था येऊ शकते. पंख पूर्ण फुगलेला दिसतो, पण पुढे जाणे थांबते आणि तो सरळ खाली येऊ लागतो. वारा कानाशी एकदम शांत होतो. ही शांतता म्हणजे धोक्याची घंटा.

यावर उपाय एकच: मोजणे. तपासणी केंद्रात प्रत्येक दोरीला सारखाच, सुमारे ५ किलोचा ताण देऊन तिची लांबी लेसरच्या उपकरणाने मिलिमीटरपर्यंत मोजतात आणि पंखाच्या पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहतात. फरक आढळला तर पट्ट्याजवळच्या कडीत दोरीचा वेढा कमी-जास्त करून तो काढतात, नाही तर दोरी बदलतात. प्रत्येक पंखाची तपासणी किती तासांनी किंवा महिन्यांनी करायची, हे त्याचा उत्पादक ठरवून देतो. स्पर्धेच्या पंखांना ती अधिक वेळा लागते.

दोरीची ताकदही तपासतात. प्रमाणपत्रासाठी पंखाने जास्तीत जास्त वजनाच्या आठपट भार सोसावा लागतो. १०० किलोसाठी ८०० किलो! घट्ट फिरकी घेत खाली येताना वैमानिकाला स्वतःचे वजन तीन-चारपट झाल्यासारखे वाटते, हे लक्षात घेतले तर आठपट ही उधळपट्टी नव्हे. पण हा हिशेब नव्या दोरीचा. कोणी तिच्यावर पाय दिला, ती खडकावर घासली, गाठ पडून ओढली गेली, तर हिशेब बदलतो.

कापडाचेही वय असते

पंखाचे कापड नायलॉनचे. त्यावर हवा आरपार जाऊ नये म्हणून लेप दिलेला असतो. सूर्याचे अतिनील किरण नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात, वाळू लेप खरवडते. मग कापडातून हवा झिरपू लागते, आणि आधीच ६ मिलिमीटर पाण्याएवढा असलेला दाब टिकवणे कठीण होते. ठरावीक दाबाखाली थोडी हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात, हे मोजण्याचे साधन असते. नव्या कापडातून ती जायला कित्येक मिनिटे लागतात; पार झिजलेल्या कापडातून ती काही सेकंदांतच निसटते.

म्हणून चांगल्या वैमानिकाच्या सवयी साध्या असतात. उड्डाण नसेल तेव्हा पंख उन्हात पसरून ठेवायचा नाही. दगडधोंड्यांवरून फरफटत न्यायचा नाही. ओला पंख बांधून ठेवायचा नाही. सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा. समुद्राचे पाणी लागले तर गोड्या पाण्याने धुवायचा, साबण लावायचा नाही. उन्हाळ्यात बंद मोटारीच्या डिकीत ठेवायचा नाही. घडी घालताना पुढच्या कडेतील काड्या मोडणार नाहीत, अशा पंख्यासारख्या चुण्या घालायच्या. आणि आत एखादा नाकतोडा राहिला नाही ना, हे पाहायचे. कोंडलेला नाकतोडा कापड कुरतडून वाट काढतो! राखीव छत्रीही ठरलेल्या मुदतीत उघडून, वारा देऊन, पुन्हा नीट भरावी लागते. वर्षभर दाबून ठेवलेले कापड उघडायला वेळ लावते, आणि तेव्हा वेळच नसतो.

न उडण्याचा निर्णय

पंख कितीही उत्तम असो, आकाश त्याहून बलवान असते. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियातील मॅनिला येथे सराव करत असलेल्या एव्हा विश्निएर्स्का या जर्मन संघातील वैमानिकेला गडगडाटी ढगाने वर ओढून नेले. तिच्याजवळच्या उपकरणात ९,९०० मीटरहून अधिक उंचीची नोंद झाली. एव्हरेस्टचे शिखर त्याच्या एक किलोमीटर खाली राहिले. प्राणवायू अपुरा, कडाक्याची थंडी, अंगावर बर्फ. ती बराच काळ बेशुद्ध होती, पण वाचली. त्याच दिवशी त्याच वादळात सापडलेला एक चिनी वैमानिक मात्र वाचला नाही. दोघांच्याही हातात अनुभव होता. ढग फुगताना दिसू लागले की उतरणे, किंवा उडायचेच नाही असे ठरवणे, हेही उड्डाणाच्या विद्येचेच अंग आहे.

उड्डाणापूर्वी जाणता वैमानिक दर वेळी त्याच क्रमाने तपासतो: शिरस्त्राण, पायांचे पट्टे, छातीचा पट्टा, राखीव छत्रीची पिन, दोऱ्यांतील गाठी, पंखाची कड, वारा आणि भोवतालचे आकाश. हजारावे उड्डाण असले तरी क्रम चुकत नाही. प्रयोगशाळेत दर वेळी तराजूचा काटा शून्यावर आहे ना, हे पाहायला तुमचे शिक्षक सांगतात, त्यातलाच हा प्रकार. आठवण दगा देते, डोळा फसतो. मोजपट्टी आणि ठरलेला क्रम मात्र फसवत नाही. पुन्हा कधी डोंगरावर ती रंगीत कमान दिसली तर तिच्याखालच्या माणसाच्या धैर्याचे कौतुक जरूर करा. पण त्याने काल संध्याकाळी सावलीत बसून मोजलेल्या दोऱ्यांचेही कौतुक करा.

करून पाहा

१. ३० सेंटिमीटर लांबीचा एक पुठ्ठा घ्या. त्याच्या चार कोपऱ्यांना सारख्या लांबीचे दोरे बांधून तो आडवा टांगा. आता मागचे दोन दोरे १ सेंटिमीटरने आखूड करा. पुठ्ठा किती अंशांनी कलला, ते कोनमापकाने मोजा आणि गणिताने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहा.

२. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक मेणबत्ती पेटवा. मलमलीचा एक तुकडा तोंडापुढे ताणून धरा आणि त्यातून ज्योतीवर फुंका. मग जुन्या छत्रीच्या कापडातून फुंका. कोणत्या कापडातून ज्योत विझते? पंखासाठी यांपैकी कोणते चालेल? कापड ज्योतीपासून दूरच ठेवा.

३. पंखाचा वेग ताशी ६० किलोमीटर झाला तर कप्प्यांतील जास्तीचा दाब किती मिलिमीटर पाण्याएवढा होईल, याचे गणित करा.